उंबऱ्याच्या आतून

ऊर्जानगरात वाढलेल्या माणसाला ‘तुमचं मूळ गाव कोणतं?’ असं विचारलं की तो क्षणभर अडखळतो. वडिलांचं गाव अमरावतीकडचं, भंडाऱ्याकडचं, नाहीतर थेट सांगली-कोल्हापूरकडचं असतं. शाळा, मैदान, सायकल शिकताना फुटलेला गुडघा मात्र इथला असतो. चंद्रपूरहून ताडोब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दुर्गापूरला लागून, महाऔष्णिक वीज केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी ही वसाहत उभी राहिली. केंद्राचे पहिले संच 1980च्या दशकात सुरू झाले आणि आज त्याची क्षमता 2920 मेगावॅट आहे. क्वार्टर नोकरीबरोबर मिळतं आणि नोकरीबरोबरच जातं. निवृत्तीनंतर ठरलेल्या मुदतीत सामान हलवायचं, चावी द्यायची, आणि काही दिवसांत त्याच खिडकीत दुसऱ्या कुणाचे कपडे वाळत पडलेले असतात. पंचवीस-तीस वर्षं जिथे संसार झाला तिथे परत जायचं झालं तर दार वाजवून ‘आम्ही पूर्वी इथे राहायचो’ असं सांगावं लागतं. घरी परतणं ही कल्पना आपल्या धर्मात, काव्यात आणि सिनेमात एवढी खोल रुजलेली असताना, ज्याची परतण्याजोगी भिंतच उरलेली नाही त्याने तिचं काय करायचं, हा प्रश्न ऊर्जानगरात जितका उघडा दिसतो तितका वाडे आणि शेतं टिकलेल्या गावात दिसत नाही.

या प्रश्नाला दोन उत्तरं नेहमी दिली जातात. एक, घर म्हणजे जागा: माती, विहीर, आजोबांनी बांधलेली ओसरी. दोन, घर म्हणजे मन, ते माणूस बरोबरच घेऊन फिरतो. ही दोन्ही उत्तरं परतणाऱ्याकडेच पाहतात. तो कुठून आला, कुठे पोचला, त्याला काय वाटलं. आपली परंपरा मात्र नीट पाहिली तर तिचं लक्ष दाराच्या दुसऱ्या बाजूला असतं. परतणं पुरं होतं ते आतल्या माणसाने ओळखून आत घेतल्यावर. प्रवास कितीही लांबचा झाला तरी शेवटचं पाऊल परतणाऱ्याच्या हातात नसतं, आणि म्हणून परतण्याची नैतिक जबाबदारी मुख्यतः उंबऱ्याच्या आत उभ्या असलेल्यावर येते.

भाषेपासून सुरुवात करू. घरातून निघताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या ‘येतो’ला आतून ‘या’ असं उत्तर मिळतं, याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. परतण्याचा करार निघतानाच होतो आणि त्यात पक्ष दोन असतात. बाळंतीण बाळाला घेऊन येते, नवी जोडी येते, रणावरून जवान येतो, तेव्हा त्यांना दाराबाहेर थांबवून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायांवर पाणी घालतात. स्वतःच्याच घरात थेट शिरायला हरकत कसली? पण रीत म्हणते, थांब. तुला कुणीतरी आत घेऊ दे. हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते भाद्रपदात, महालक्ष्म्या येतात तेव्हा. विदर्भात ज्यांना आपण महालक्ष्म्या म्हणतो त्या ज्येष्ठा-कनिष्ठा या माहेरवाशिणी. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर निघतात. मुखवटे सुपात घेऊन बाई दाराशी उभी राहते, पावलं कुंकवाने उमटवलेली असतात, आणि आतून विचारणं होतं, बाहेरून सांगणं होतं. मग त्यांना घरभर फिरवतात: ही धान्याची कोठी, हा चुलीचा ओटा, ही तिजोरी, हे मुलांचं अभ्यासाचं टेबल. ज्या देवीने हे सारं दिलं असं आपण मानतो, तिलाच ते पाहुणीसारखं दाखवतो. माहेरी आलेल्या लेकीला आईही असंच सांगते, हे नवं घेतलं, ते तिकडे हलवलं. लेक नसताना घर बदललेलं असतं, आणि त्या बदलात तिला पुन्हा जागा करून देणं हेच तिचं स्वागत.

चंद्रपूरच्या दक्षिण सीमेपलीकडे, तेलंगणातल्या केसलापूरला, गोंडांच्या मेश्राम कुळाची नागोबाची जत्रा पौषातल्या अमावास्येला भरते. कुळातले लोक गोदावरीचं पाणी पायी आणतात आणि त्या पाण्याने देवाची पूजा होते. त्या जत्रेत एक विधी असतो, भेटिंग. वर्षभरात कुळात लग्न होऊन आलेल्या सुना पांढरी लुगडी नेसून, चेहरा झाकून देवासमोर येतात आणि वडीलधाऱ्या बाया त्यांची देवाशी भेट घालून देतात. लग्न आधीच झालेलं असतं, स्वयंपाकघरात हात घातलेला असतो. तरी देवाने पाहिल्यावाचून ती कुळात पुरती आली असं धरत नाहीत. इथे परतणं नाही, येणं आहे, पण तर्क तोच. ग्रीकांच्या ओडिसीतही तोच सापडतो. दहा वर्षांचं युद्ध आणि दहा वर्षांची भटकंती संपवून ओडिसियस इथाकाच्या किनाऱ्यावर उतरतो, तेव्हा महाकाव्य अर्ध्यावरच आलेलं असतं. उरलेला सगळा भाग ओळखण्याचा आहे. उकिरड्यावर पडलेला म्हातारा कुत्रा ओळखतो आणि प्राण सोडतो, दाई पाय धुताना मांडीवरचा वण ओळखते, आणि पेनेलोपी तर पलंगाची खूण पटेपर्यंत नवऱ्याला नवरा म्हणत नाही. समुद्र ओलांडणं सोपं गेलं, एवढं ते दार ओलांडणं अवघड.

हा युक्तिवाद तपासायचा तर जिथे दार उघडलंच नाही अशी ठिकाणं पाहावी लागतील. त्यासाठी दूर जायला नको, आपल्याच जिल्ह्यात वरोरा आहे. बाबा आमट्यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापली आणि त्यातून आनंदवन उभं राहिलं. तिथे आलेली कितीतरी माणसं औषधाने बरी झाली. जंतू गेले, जखमा भरल्या, दाखला मिळाला की आता यांच्यापासून कुणाला धोका नाही. परतीचं तिकीट काढायला शरीर मोकळं होतं. गाव तेच होतं, घरही जागेवर होतं, आणि मनात तर ते रोज होतंच. तरी पुष्कळांना परतता आलं नाही, कारण आतून ‘या’ म्हणणारं कुणी नव्हतं. जागा म्हणजे घर, किंवा मन म्हणजे घर, ही दोन्ही उत्तरं इथे तोकडी पडतात. दोन्ही शाबूत असताना घर नव्हतं. आणि त्या माणसांनी शेती केली, माग चालवले, लग्नं केली, एकमेकांना आत घेतलं आणि ओसाड माळावर गाव वसवलं. 2020च्या उन्हाळ्यात हाच प्रश्न लहान रूपात हजारोंसमोर आला. चंद्रपूर-गडचिरोलीचे मजूर दर हंगामात तेलंगणात मिरची तोडायला जातात. कोरोनाची टाळेबंदी लागली तेव्हा कित्येक जण डोक्यावर बोचकं घेऊन जंगलवाटांनी चालत निघाले, आणि गावाच्या शिवेवर पोचल्यावर लाकडं आडवी टाकलेली दिसली. मग गावच्याच शाळेत चौदा दिवस. पटांगणात घरचं कुणीतरी डबा ठेवून मागे सरकायचं, मग हा पुढे होऊन उचलायचा. भीती खरी होती, गावाला दोष देता येत नाही. पण त्या ठेवलेल्या डब्यात आणि वाटेवरच्या आडव्या लाकडात जे अंतर आहे तेच या लेखाचं म्हणणं आहे. दोन्ही त्याच गावाने केलं; डबा ठेवणाऱ्याने त्याला घरी आणलं होतं, तो अजून शाळेच्या वऱ्हांड्यात असतानाच.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप वेदान्ताकडून येईल. खरं घर आत्मा. तिथे दार नाही, द्वारपाल नाही, दुसरा कुणी नाहीच, मग आत घेणार कोण? आक्षेप मोठा आहे, म्हणून त्याच परंपरेत उत्तर शोधायला हवं. छांदोग्य उपनिषदात श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरूकडे जातो आणि चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून, ताठ मानेने घरी येतो. बाप उद्दालक त्याला एकच प्रश्न विचारतो आणि कळतं की पोरगा अंगणात आला आहे, पण अजून पोचलेला नाही. पुढे तोच उद्दालक त्याला गांधार देशाच्या माणसाचा दाखला देतो: डोळे बांधून आणलेला आणि निर्जन रानात सोडून दिलेला. तो आरडाओरडा करतो, आणि कुणीतरी पट्टी सोडून सांगतं की गांधार या दिशेला आहे. मग तो गावागावांत विचारत घरी पोचतो. गुरूची गरज सांगण्यासाठी उद्दालकाला परतीची वाटच आठवली, आणि त्या वाटेवर पट्टी सोडणारा दुसरा हात आहे. दहा जण नदी उतरून गेल्याची, प्रत्येकाने स्वतःला सोडून मोजल्याची आणि नवच भरले म्हणून रडल्याची कथा अद्वैती आचार्य आवडीने सांगतात. दहावा हरवलेला नव्हताच. तरी ‘दहावा तूच’ हे त्याला एका वाटसरूने सांगावं लागलं. म्हणजे जिथे दुसरा कुणी नाही असा सिद्धान्त आहे, तिथेही पोचवायला दुसरा लागतो. वारकऱ्यांनी तर हा आडपडदाही ठेवला नाही. त्यांनी पंढरीला माहेर म्हटलं आणि विठ्ठलाला आई म्हटलं, मोक्ष ही त्यांच्या लेखी कुणीतरी वाट पाहत असलेली जागा झाली.

दुसरा आक्षेप जमिनीचा आहे आणि तो या जंगलपट्ट्यात विशेष खरा आहे. माणसंच घर असतील तर गाव उठवून दहा कोसांवर वसवलं म्हणजे काय बिघडलं, असं उद्या कुणी म्हणेल. ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, 1995 साली व्याघ्र प्रकल्प झाला, आणि पुढे बोटेझरी, नवेगाव, जामनी अशी गावं आतून बाहेर आली. सगळी माणसं एकत्रच हलली. तरी काहीतरी मागे राहिलं, आणि ते काय हे तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली बसलेल्या तारूच्या ठाण्यावरून समजतं. वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख म्हणून लोक त्याला पुजतात, ताडोबा हे नावही त्याच्यावरूनच आलं असं सांगतात, आणि पौषात तिथे जत्रा भरत असे. आज तिथे जायला वनखात्याचे नियम आहेत. गोंडांच्या धर्मात मेलेली माणसं दूर स्वर्गात जात नाहीत, ती कुळाच्या देवाच्या, पेनाच्या सोबतीत येतात; झाड, दगड, पाणी हे देवाचे पत्ते आहेत. म्हणून हा आक्षेप मला अंशतः मान्य करावा लागतो, आणि त्याने माझं म्हणणं थोडं रुंदावतं. आत घेणारा माणूसच असला पाहिजे असं नाही. जागाही आत घेते, पूर्वजही घेतात. जमीन इथे मालमत्ता म्हणून मोजायची नाही, ती ओळखणारी आहे म्हणून मोजायची, आणि मोबदल्याच्या हिशेबात या ओळखीचा रकाना नसतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त छळतो. परतणं आतल्याच्या हाती आहे असं म्हटलं तर आपण दारावर पहारेकरी बसवतो की काय? शतकानुशतकं ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं त्यांना हा विचार काय देतो? डॉ. आंबेडकरांनी 1931 साली गांधीजींना तोंडावर सांगितलं की मला मायभूमीच नाही, आणि 1935 साली येवल्याला जाहीर केलं की ज्या धर्मात जन्मलो त्यात मरणार नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा झाली आणि 16 ऑक्टोबरला चंद्रपूरला. नागपूरनंतर हा मान आपल्या गावाला मिळाला, आणि दरवर्षी त्या तारखेला इथल्या दीक्षाभूमीवर लोक लोटतात. त्या माणसांना ‘घर सोडून गेले’ म्हणणं चुकीचं आहे. ज्या घराने पाण्याला हात लावू दिला नाही ते घर त्यांचं कधी झालंच नव्हतं. त्यांनी एकमेकांना आत घेतलं, आनंदवनात घेतलं तसं, फक्त कितीतरी पटींनी मोठ्या प्रमाणावर. म्हणून अलीकडे ‘घरवापसी’ हा शब्द मोठ्याने उच्चारला जातो तेव्हा विचारावंसं वाटतं, आत आल्यावर यांना बसायला कुठे देणार? पंगतीत देणार, की पुन्हा पडवीत? हा विचार पहारेकऱ्याला अधिकार देत नाही, उत्तरदायी करतो. बोलावणं सोपं असतं. शुद्धोदनालाही सिद्धार्थ परत हवा होता. कपिलवस्तूला आला तो भिक्षापात्र घेतलेला बुद्ध, आपल्याच नगरीत दारोदार उभा राहिलेला. पित्याने आधी रागावून पाहिलं. जुना मुलगा मागणं सोडून आलेल्या माणसाला ओळखणं, हे काम शुद्धोदनाचं होतं.

लोकप्रिय कलांनी हे मर्म बरोबर पकडलं आहे. 2004 सालच्या ‘स्वदेस’ सिनेमातला मोहन अमेरिकेतून चरणपूरला येतो तो लहानपणी सांभाळणाऱ्या दाईला घेऊन जायला, आणि ज्या क्षणी गावातल्या म्हातारीच्या झोपडीत दिवा लागतो त्या क्षणी ते गाव त्याला आपलं मानतं. आमच्या झाडीपट्टीत तर यासाठी वर्षाचा एक काळच राखून ठेवलेला आहे. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या रस्त्याला लागतात, आणि लेकीबाळी, सोयरेधायरे, पुण्या-नागपूरला कामाला गेलेली पोरं मंडईला म्हणून येतात. रात्रभर नाटक चालतं. आलेल्या पाहुण्याला जागा व्हावी म्हणून घरातला माणूस कडेला सरकतो, घोंगडीचा अर्धा भाग त्याच्या पायांवर टाकतो, आणि पहाटेपर्यंत तसाच बसतो.

ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्येही महालक्ष्म्या येतात. त्यांना गॅसची शेगडी दाखवतात, फ्रिज दाखवतात, बाल्कनीतली तुळस दाखवतात. निवृत्तीच्या वर्षी मुखवटे कापडात गुंडाळून पेटीत जातात आणि पुढच्या भाद्रपदात नागपूरच्या एखाद्या फ्लॅटच्या दारात निघतात. पत्ता बदलला म्हणून देवी चुकत नाही, कारण आत घेणारी बाई तिच्याआधी तिथे पोचलेली असते. क्वार्टर गमावलेल्या माणसाला एवढं पुरतं. पण या वीज केंद्राखाली ज्यांची शेतं गेली त्यांना ते पुरत नाही. 2021च्या ऑगस्टमध्ये काही प्रकल्पग्रस्त केंद्राच्या चिमणीवर चढून बसले. बातम्यांत मागणी नोकरीची म्हणून आली, आणि ती होतीच. पण ज्या मातीत आजोबांनी धान लावलं ती आता कुंपणाच्या आत आहे, तिथे पाऊल टाकायला गेटपास लागतो, आणि गेटवर नाव विचारणाऱ्याला त्या नावाची ओळख नसते.