बुडत्यास हात द्यावा कीं दोरी?

कोणी पाण्यांत बुडत असतां, ज्यास पोहतां येत नाहीं अशा मनुष्यानें काठावरच राहावें काय? ज्याच्या डोळ्यांदेखत शेजाऱ्याचें मूल गटांगळ्या खात असतें, त्यास हा प्रश्न सोपा वाटत नाहीं. उडी न टाकल्यास लोक आपणांस भित्रा म्हणतील व आपलें मनहि आपणांस दोष देईल, असें त्यास वाटतें.

नालवाडीहून पवनार फार दूर नाहीं. सन 1938 मध्यें विनोबा भावे नालवाडी सोडून तेथें ज्या धाम नदीच्या तीरीं राहावयास गेले, ती उन्हाळ्यांत खडकांमधून शांत वाहते. पावसाळ्यांत वरचें महाकाळीचें धरण भरलें म्हणजे तीच ओळखूं येत नाहीं. आमच्या काळ्या मातीच्या तळ्यांत गाळ पाय धरून ठेवितो, आणि गिट्टीच्या सोडलेल्या खाणींत काठापासून दोन पावलांवर पाणी डोक्यावर जातें. पोळ्यास बैल धुवावयाला मुलें अशाच पाण्यांत उतरतात. सन 2022 च्या सप्टेंबरांत गणपतिविसर्जनाच्या वेळीं वर्ध्याजवळ सावंगी येथें तिघे जण बुडून मरण पावले.

अशा प्रसंगीं पुष्कळदां असें घडतें कीं, एक बुडतो आणि त्यास काढावयास गेलेला दुसराहि बुडतो. बुडणारा मनुष्य जें हातीं लागेल त्यास मिठी मारितो. मग तो त्याचा सख्खा भाऊ कां असेना! एका घरचा शोक दोन घरांचा होतो.

तर मग आपण कांहींच करूं नये काय? तसें मुळींच नव्हे. प्रथम मोठ्यानें हाक मारावी. काठावर पालथें पडून लांब बांबू पुढें करावा. दोरी, धोतर किंवा लुगडें फेकावें. झांकण घट्ट बसविलेला रिकामा डबा किंवा हवा भरलेली ट्यूब टाकावी. बाहेर काढलेल्यास उलटें टांगूं नये, पोट दाबूं नये. श्वास चालत नसेल तर तोंडानें श्वास द्यावा, छातीच्या मध्यभागीं जोरानें व भरभर दाबीत राहावें, आणि दुसऱ्याकडून 108 क्रमांकावर गाडी बोलवावी. शहरांतील तरणतलावावर रक्षक असला तरी आईबापांनीं लेंकरावरून दृष्टि काढूं नये. कारण बुडणारें मूल बहुधा ओरडत नाहीं, तें मुकाट्यानें खालीं जातें.

कोणी म्हणेल, इतकी सावधगिरी हा अविश्वास होय. आम्हांस तसें वाटत नाहीं. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास प्रभूनें नकार दिला, तो कांहीं भयामुळें नव्हे. दुसऱ्यासाठीं प्राण देणें थोर आहे खरें. पण ज्यानें दोघांपैकीं एकहि वांचत नाहीं, त्या कृत्यास प्रीति म्हणण्यापूर्वीं विचार केला पाहिजे. प्रीतीस ज्ञानाची जोड हवी, आणि तें ज्ञान अपघाताच्या घटकेस मिळत नाहीं. तें आधींच मिळवावें लागतें.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें सन 2021 मध्यें जगांत सुमारें 3 लक्ष लोक बुडून मेले. एवढी संख्या ऐकून मन गोंधळतें. आपल्या गांवचें तळें मात्र एकच असतें. त्याच्या काठीं एक मजबूत दोरी व एक लांब बांबू ठेवावा, खोल जागीं खूण करावी, आणि जाणत्या पोहणाऱ्याकडून मुलांस पोहणें शिकवावें. येत्या पोळ्यापूर्वीं प्रत्येक गांवीं एवढें झालें, तर काठावर उभ्या राहणाऱ्यास आपण भित्रे कीं शूर, हा प्रश्नच पडणार नाहीं. त्याच्या हातीं दोरी असेल.