कात्री कोणाच्या हाती?



आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला छाटणी शिकवायला फार लांब जावे लागत नाही. पऱ्हाटी चाळीस-पंचेचाळीस दिवसांची झाली की अलीकडे बरेच शेतकरी तिच्या बुडातल्या गळफांद्या काढून टाकतात आणि पुढे झाड तीन-साडेतीन फुटांचे झाले की त्याचा शेंडा खुडतात. परभणीचे दादा लाड यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. गळफांदी जोमाने सरळ वर जाते, अन्न खाते, पण तिच्यावर थेट पाते लागत नाही. फळफांदी आडवी वाढते आणि पेरापेरावर पाते व बोंड धरते. एक काढायची, दुसरी राखायची. ऐकायला किती सोपे!

पण हातात कात्री घेऊन झाडासमोर उभे राहिले की मन कचरते. समोरची फांदी वाळलेली नाही. ती हिरवी आहे, जिवंत आहे. तिला कापण्याचा अधिकार आपल्याला कशाने मिळतो? हा प्रश्न झाडापुरता राहत नाही. मुलांना वळण लावताना, कोणाची चूक दाखवताना, एखाद्याच्या दुःखाचा अर्थ सांगताना आपण हीच भाषा वापरतो. म्हणून आधी छाटणीचे काम नीट समजून घेऊ आणि मग या प्रश्नाकडे वळू.

पहिला धडा असा की सुरुवात वादाच्या फांद्यांपासून करायची नाही. आधी वाळलेले, मग रोगट, मग एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या. संत्र्याच्या बागेत पीक निघाल्यावर सल काढतात, ते हेच. जंबेरीच्या खुंटावर बांधलेल्या कलमाला डोळ्याच्या खालून फुटवा आला तर तोही काढावाच लागतो. नाहीतर काही वर्षांत काटेरी जंबेरीच माजते आणि संत्रा मागे पडतो. एवढे झाल्यावर थांबून झाडाभोवती एक फेरी मारायची. पुष्कळ वेळा पुढे काही कापायची गरजच उरत नाही.

दुसरा धडा जागेचा. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे थोडा फुगीर कंगोरा असतो. काप त्याच्या लगेच बाहेर घ्यायचा. खोडाला घासून कापले तर जखम मोठी होते, खुंटी ठेवली तर ती कुजत आत जाते. गुलाबाची काडी कापताना बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधायचा आणि त्याच्या वर पाव इंचावर तिरपा काप द्यायचा. नवी फांदी त्या डोळ्याच्या दिशेने निघते, झाडाचे पोट मोकळे राहते, ऊन आणि वारा आत जातो. मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट लावतात: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

तिसरा धडा हत्याराचा. कात्री धारदार हवी, आणि एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पुसून स्वच्छ केलेली हवी. संत्रावर्गीय झाडांचे काही रोग पात्यावरून पसरतात. हे वाचताना आपल्या घरांची आठवण व्हावी. कामावरचा राग घरी आणून तो मुलावर काढणे म्हणजे न पुसलेली कात्री. त्या मुलाची चूक असेलही, पण त्याला लागलेला रोग दुसऱ्याच झाडाचा असतो.

आता झाडाच्या जखमेविषयी. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हजारो झाडे चिरून त्यांच्या जखमांचा अभ्यास केला. त्यांना आढळले ते असे: आपल्या कातडीसारखी झाडाची जखम भरून येत नाही. झाड त्या जागेभोवती भिंत घालते आणि तिच्यावरून नवे लाकूड वाढवते. बाहेरून सारे गुळगुळीत दिसते, पण आतला काप झाड असेतो तिथेच राहतो. कुशल हाताने, योग्य जागी, योग्य वेळी घेतलेला कापही त्याला अपवाद नाही.

हे कळल्यावर कात्री हलकी वाटत नाही. ‘त्याच्या भल्यासाठीच बोललो, दोन दिवसांत विसरेल’ असे आपण म्हणतो. तो कामाला लागतो, हसतो, वरून साल धरते. पण बोललेले आत राहते. याचा अर्थ कधी बोलूच नये असा नाही. जे कायमचे राहणार आहे ते मोजून द्यावे, एवढाच याचा अर्थ.

चौथा धडा सर्वांत अवघड आहे, कारण तो झाडागणिक बदलतो. गुलाब नव्या फुटीवर फुलतो. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये त्याला चांगला छाटला तरी तो आनंदाने येतो. मोगरा थंडीत छाटला की उन्हाळ्यात बहरतो. नाशिककडची द्राक्षवेल तर वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. पण आंब्याचे तसे नाही. त्याचा मोहर पक्व झालेल्या काडीच्या टोकाला येतो. डिसेंबरमध्ये कोणी हौसेने आंब्याचे शेंडे छाटले तर त्या वर्षीचा मोहर त्याच्याबरोबर गेला. छाटायचाच असेल तर फळे उतरल्यावर, पावसाळ्याच्या तोंडाशी.

म्हणजे हात तोच, कात्री तीच, महिनाही तोच. एका झाडाला ते औषध आणि दुसऱ्याला नुकसान. दोन भावंडांना एकाच मापाने शिस्त लावणाऱ्या आईबापांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. एक मूल रागावल्यावर सावरते, दुसरे मिटून जाते. दहावीचे वर्ष आले की चित्रकला बंद, कबड्डी बंद, गाणे बंद. अभ्यासाला वेळ हवा हे खरेच. पण छाटण्याआधी एकदा विचारावे: या मुलाला फूल कुठे येते? ते जर नेमके त्या टोकाला येत असेल, तर आपण काय कापतो आहोत?

इथे गळफांदीकडे पुन्हा एकदा पाहू. ती निरुपयोगी असते का? दाट लागवडीत तिला जागा नसते, म्हणून काढतात. पण झाडे विरळ असली, भोवती मोकळी जागा असली, की त्याच गळफांदीला उपफांद्या फुटतात आणि त्यांवर बोंडे लागतात. फांदीत खोट नव्हती. आपण झाडे कशी लावली यावर ती नकोशी ठरली. एखादे मूल, एखादी सून, एखादा म्हातारा माणूस घरात ‘अडचण’ वाटू लागतो, तेव्हा हे आठवावे. अडचण त्याच्यात आहे की आपण केलेल्या मांडणीत?

बंधुभगिनींनो, आता सर्वांत नाजूक गोष्ट. कोणावर मोठे दुःख कोसळले की आपल्यापैकी काही जण सांत्वनाला जातात आणि म्हणतात, ‘देव तुमची छाटणी करतो आहे, तुम्हांला अधिक फळ यावे म्हणून.’ हेतू चांगला असतो. पण आपला जिल्हा कोणता आहे हे आपण विसरू नये. कर्ज, कोरडवाहू शेती, बुडालेला पाऊस आणि पडलेला भाव यांनी इथे किती घरांचे कर्ते नेले! २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्या सहांत यवतमाळ होते. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्याच जिल्ह्यातले शेतकरी आणि मजूर दगावले. या मरणांना कारणे आहेत आणि त्यांतली बरीचशी माणसांनी निर्माण केलेली आहेत. मागे राहिलेल्या पत्नीला ‘ही देवाची छाटणी’ असे सांगणे म्हणजे त्या कारणांना झाकणे आणि देवाच्या हाती नसलेला कोयता त्याच्या हाती देणे.

वावटळीने मोडलेल्या फांदीला कोणताही माळी छाटणी म्हणत नाही. ती मोडतोड आहे. पण वावटळ गेल्यावर माळी येतो. लोंबणारी साल हळूच काढतो, फाटलेली जागा नीट करतो, पेस्ट लावतो, झाडाला आधाराची काठी बांधतो. देवाला शोधायचेच असेल तर तो आपल्याला तिथे सापडेल, आणि त्याचे हात म्हणून आपणही तिथेच असायला हवे: मुलांची फी, बँकेचे कागद, पेरणीच्या वेळी एक दिवसाची मदत.

योहानच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातील द्राक्षवेलीचा दाखला आपण अनेकदा ऐकतो. तिथल्या मूळ ग्रीक भाषेत फळ देणाऱ्या फांदीच्या छाटणीसाठी जो शब्द आहे, त्याचा अर्थ ‘स्वच्छ करणे’ असाही होतो. त्या दाखल्यात फांदी वेलीत राहते, आणि पिता वेलीची निगा राखणारा आहे. कापून निघून जाणारा तो नव्हे. लूकच्या १३ व्या अध्यायात फळ न देणाऱ्या अंजिरासाठी माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. तोडण्याआधी खणायचे आणि खत घालायचे ठरवतो. दुसऱ्या बाजूने यशयाच्या ५ व्या अध्यायात ज्या मळ्यावर कोप होतो, त्याला शिक्षा म्हणून छाटणीच बंद होते. म्हणजे कधीच न छाटणे हीदेखील माया नव्हे. कोणी बोलायलाच उरले नाही, यासारखे एकटेपण नाही.

तेव्हा अधिकाराच्या प्रश्नाला आम्हांला सुचणारे उत्तर असे: कापण्याचा अधिकार मालकीतून येत नाही आणि वयातूनही येत नाही. ज्याने आधी पाणी घातले, ज्याला झाडाचे फूल कुठे येते हे ठाऊक आहे आणि जो कापल्यानंतरही रोज पाहायला येणार आहे, त्याने कात्री घ्यावी. बाकीच्यांनी घमेलेभर शेणखत आणावे. तेही मोठेच काम आहे.

आणि एक फांदी अशी आहे की जी छाटायला आपल्याला कोणाला विचारावे लागत नाही. शेंडा वाढत असतो तोवर खालचे डोळे झोपलेले असतात, कारण शेंड्यातून उतरणारा रस त्यांना दाबून ठेवतो. शेंडा खुडला की ते जागे होतात. मंडळात, समितीत, गायनवृंदात, घराच्या कारभारात वर्षानुवर्षे शेंड्यावर बसलेले आपण स्वतःहून थोडे खाली आलो, तर किती डोळे उघडतील!

पाऊस ओसरला की गुलाबाच्या छाटणीचे दिवस येतात. कात्रीला धार लावा, पाते पुसा, झाडाभोवती एक फेरी मारा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी घालायला विसरू नका.