जीर्ण होण्याआधीच टाकलेले वस्त्र

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील बाविसावा श्लोक बहुतेक हिंदू गृहस्थांच्या कानांवरून गेलेला असतो. घरात कोणाचे देहावसान झाले, म्हणजे सांत्वनासाठी त्याच श्लोकाचे स्मरण केले जाते. आत्म्याने देह सोडणे हे मनुष्याने जुने झालेले वस्त्र उतरवून ठेवण्यासारखे आहे, असे भगवंतांनी तेथे अर्जुनाला समजाविले आहे.

न्यायशास्त्राचा असा नियम आहे की, जी गोष्ट शास्त्र जाणणारा व सामान्य मनुष्य या दोघांनाही आधीच मान्य असते, तीच दृष्टान्त होऊ शकते. अर्थात वस्त्र जीर्ण झाल्यावाचून मनुष्य ते टाकीत नाही, ही गोष्ट भगवंतांनी येथे सिद्धच धरली आहे. जीर्ण म्हणजे दुर्बल झालेले, असा अर्थ भाष्यकार श्रीशंकराचार्यांनी केला आहे. ज्याचे सूत विरले, ज्याच्यात अंग झाकण्याचे सामर्थ्य उरले नाही, ते वस्त्र जीर्ण होय. केवळ मनातून उतरलेल्या वस्त्राला जीर्ण म्हणता येत नाही.

परंतु आज हा दृष्टान्तच डळमळू लागला आहे. बाजारात दर काही आठवड्यांनी नवी तऱ्हा येते. वस्त्रे स्वस्त असतात आणि ती फार दिवस टिकावीत अशी करणाऱ्याचीही इच्छा नसते. यालाच ‘झटपट फॅशन’ असे नाव आहे. एका लग्नात नेसलेली साडी दुसऱ्या लग्नात नेसण्याचा संकोच वाटतो. मुलाचा सदरा धड असूनही कपाटाच्या तळाशी जातो. वस्त्र जीर्ण होत नाही, मनच त्याला कंटाळते. राजस सुख आरंभी अमृतासारखे व परिणामी विषासारखे असते, असे अठराव्या अध्यायात सांगितले आहे. नव्या वस्त्राचे सुख घडी मोडताच ओसरू लागते. मात्र त्याचा परिणाम पुष्कळ दूरवर पोचतो.

तो कोठवर पोचतो हे पाहणे गृहस्थाचे कर्तव्य आहे. एक सुती सदरा तयार होईपर्यंत, कापसाच्या शेतापासून मोजल्यास, सुमारे २,७०० लिटर पाणी खर्ची पडते, असे एक प्रसिद्ध अनुमान आहे. तमिळनाडूतील तिरुप्पूर हे विणलेल्या सुती कपड्यांचे मोठे केंद्र. तेथून वाहणारी नोय्यल नदी पुढे कावेरीला मिळते. कपडे रंगविणाऱ्या कारखान्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे या नदीत सोडले गेले. शेतीसाठी बांधलेल्या ओरत्तुपाळयम धरणात तेच दूषित पाणी साठले आणि खालच्या गावांतील जमिनी नासल्या. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, नदीत सांडपाणी सोडणे पूर्णपणे थांबेपर्यंत, हे कारखाने बंद ठेवण्याचा आदेश दिला. त्यानंतर अनेकांनी पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची व्यवस्था केली, हेही सांगितले पाहिजे. ज्या कावेरीला गृहस्थ नित्य स्नानाच्या वेळी आवाहन करतो, तिला मिळणाऱ्या नदीत त्याच्याच वस्त्राचा रंग कालवला जात होता.

पाण्याहूनही मोल आहे ते प्राणांचे. बांगलादेशात ढाक्याजवळ साभार येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. तिच्या वरच्या मजल्यांवर परदेशी बाजारांसाठी कपडे शिवले जात. एके दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले. खालची बँक व दुकाने बंद झाली. परंतु शिवणकाम करणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले. त्या दिवशी, २४ एप्रिल २०१३ रोजी, इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. माल ठरल्या दिवशी आणि ठरल्या अल्प किमतीत पोचला पाहिजे, या घाईपुढे भिंतीचा तडा कोणी मोजला नाही. ती घाई एकट्या कारखानदाराची नव्हती. दूर देशीच्या ग्राहकाची अधीरताही तिच्यात मिसळलेली होती.

तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी यज्ञचक्र सांगितले आहे. ज्यांच्याकडून भोग मिळाले, त्यांना त्यांचा भाग न देता जो एकटाच भोगतो, त्याला तेथे चोर ठरविले आहे. वस्त्राच्या ठिकाणी हे चक्र स्पष्ट दिसते. भूमी कापूस देते, नदी पाणी देते, कातणारा, विणणारा, रंगविणारा व शिवणारा आपले श्रम देतो. यांपैकी कोणाचाही भाग बुडवून जे वस्त्र स्वस्त होते, त्याची उरलेली किंमत दुसऱ्या कोणीतरी भरलेली असते. दुकानात पैसे मोजून झाले, म्हणजे ऋण फिटले असे नव्हे.

वस्त्राचा पूर्ण उपयोग कसा करावा, याची एक सुंदर कथा बौद्ध विनयग्रंथांत आहे. कौशांबीचा राजा उदयन याच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंद भिक्षूला पाचशे चीवरे दिली. राजाला शंका आली, आणि इतक्या वस्त्रांचे काय करणार, असे त्याने विचारले. ज्यांची चीवरे फाटली आहेत त्यांना ही वाटू, असे आनंदाने सांगितले. मग त्या फाटक्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे होतील. जुन्या पांघरुणांचे गादीचे अभ्रे, जुन्या अभ्र्यांची बैठक, तिचे पायपुसणे, त्याचे धूळ झाडण्याचे फडके. आणि तेही विरले, म्हणजे चिंध्या मातीत कालवून जमीन लिंपली जाईल. राजाची शंका फिटली. महाराष्ट्रातील गोधडी, बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी आणि कर्नाटकातील कौदी ही याच विचाराची रूपे होत. आजीच्या लुगड्याची ऊब नातवाला मिळे, आणि वस्त्र जीर्ण होईपर्यंत घरातच राही.

येथे कोणी म्हणेल, ‘नको झालेले कपडे आम्ही दान करतो, मग दोष कोठे?’ कठोपनिषदात नचिकेत्याला आपले वडील दूध देण्याची शक्ती संपलेल्या गाई दान देताना दिसले, आणि त्या बालकाच्या अंतःकरणात श्रद्धा जागी झाली. अनादराने व पात्र न पाहता दिलेले दान गीतेने तामस ठरविले आहे. कपाट रिकामे करण्यासाठी दिलेली गाठोडी पुष्कळदा दानाच्या नावाने दुसऱ्याच्या दारी टाकलेला कचरा ठरतात. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या अटाकामा वाळवंटात इतर देशांतून आलेल्या टाकाऊ कपड्यांचे ढीग पडले आहेत. त्यांतील कृत्रिम धाग्यांचे कपडे लवकर मातीत मिसळत नाहीत.

शंका — सर्वांनी खरेदी कमी केली, तर मजुरांच्या पोटाचे काय होईल?

समाधान — गीता कर्माचा त्याग शिकवीत नाही, आसक्तीचा त्याग शिकविते. वस्त्र घ्यावे, परंतु मोजके, टिकाऊ आणि उचित किंमत देऊन घ्यावे. २०१९-२० च्या गणनेनुसार आपल्या देशात सुमारे ३५ लाख लोक हातमागाच्या कामावर निर्वाह करतात. शिंपी आणि रफूगार हेही श्रमजीवीच आहेत. दहा तकलादू वस्त्रांचे पैसे दोन चांगल्या वस्त्रांवर खर्च केल्याने कोणाच्या तोंडचा घास जात नाही.

शंका — ज्याला स्वस्त वस्त्रच परवडते, तो दोषी आहे काय?

समाधान — मुळीच नाही. तो एक सदरा विरेपर्यंत वापरतो; दृष्टान्तातले जीर्ण वस्त्र त्याच्याच अंगावर आहे. दोष किमतीत नाही, तो परिग्रहात आहे. याउलट, खादीने किंवा हातमागाच्या साड्यांनी कपाट ओसंडून वाहत असेल, तर तोही परिग्रहच होय.

यास्तव कल्याण इच्छिणाऱ्या गृहस्थाने पुढील नियम पाळून पाहावेत :

(१) नवे वस्त्र घेण्यापूर्वी घरातील वस्त्रे एकदा मोजावीत आणि गरज व इच्छा यांतील भेद स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावा.

(२) आवडलेले वस्त्र त्याच दिवशी न घेता काही दिवस थांबावे. पुष्कळशा इच्छा तेवढ्या अवधीत आपोआप शमतात.

(३) उसवलेली शिवण व तुटलेली गुंडी त्याच आठवड्यात नीट करावी. मुलामुलींना सुई-दोरा धरण्यास शिकवावे.

(४) दान द्यावयाचे तर स्वतः पुन्हा घालता येईल असेच, धुऊन, घडी करून आणि घेणाऱ्याची गरज विचारून द्यावे.

(५) लग्नकार्यात एकदा नेसलेले वस्त्र पुन्हा नेसलेल्या स्त्रीला कोणी हिणवू नये. घरातील वडीलधाऱ्यांनी याचा आरंभ स्वतःपासून करावा.

एक दिवस हा देहही उतरवून ठेवावयाचा आहे. जो अंगावरचे वस्त्र कृतज्ञतेने, शेवटपर्यंत वापरून, शांतपणे खाली ठेवण्यास शिकला, त्याने त्या मोठ्या त्यागाचा पहिला धडा नित्यकर्मातच गिरविला आहे. भगवंत हा विवेक सर्वांस देवोत.