आत्मस्तुती आणि अर्जदार

महाभारताच्या कर्णपर्वात एक विलक्षण प्रसंग आहे. कर्णाच्या बाणांनी जर्जर होऊन शिबिरात परतलेला युधिष्ठिर, अर्जुन भेटीस आलेला पाहून तो कर्णवधाची वार्ताच घेऊन आला आहे असे समजतो, आणि कर्ण अद्याप जिवंत आहे हे कळताच संतापाच्या भरात म्हणतो की, तुझे गांडीव आता दुसऱ्या कोणाच्या तरी हाती दे. असे शब्द जो उच्चारील त्याचा शिरच्छेद करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती. त्याने खड्ग उपसले. त्या पेचातून श्रीकृष्णाने काढलेली वाट धर्माचा सूक्ष्म विचार करणाऱ्यांस आजही थबकावयास लावते. वडील भावास अरेतुरे करून त्याचा पाणउतारा करणे हाच त्याचा वध समजावा, असे त्याने सांगितले. आणि तसे केल्यावर, ज्येष्ठाचा अपमान आपल्या हातून घडला या अनुतापाने अर्जुन स्वतःचाच देह संपविण्यास सिद्ध झाला, तेव्हा श्रीकृष्ण म्हणाला की, आपल्या मुखाने आपले गुण वर्णन कर, म्हणजे तेही घडल्यासारखेच आहे. अर्जुनाने आज्ञा पाळली. पिनाकपाणी शंकरावाचून माझ्या तोडीचा धनुर्धर नाही, सर्व दिशा मी जिंकून दिल्या, राजसूय माझ्या पराक्रमाने पार पडला, दिव्य सभा माझ्यामुळे उभी राहिली: ही यादी इतकी नेटकी आणि परिणामकारक आहे की, आजच्या एखाद्या नोकरभरतीत अर्जुनास मुलाखतीचे बोलावणे पहिल्या टपालाने गेले असते.

आत्मस्तुती म्हणजे आत्मघात, हा निर्वाळा ज्या समाजाच्या रक्तात मुरला आहे, त्याच समाजातील बावीस वर्षांच्या मुलास किंवा मुलीस पदवीचा कागद हाती पडताच पहिली आज्ञा होते ती ही की, स्वतःविषयी चांगले ते सर्व एका पानात लिहून आण. लहानपणी पाहुण्यांसमोर 'मी वर्गात पहिली आले' असे म्हणणाऱ्या मुलीस डोळे वटारून गप्प करणारे वडीलच आता तिने आपले कर्तृत्व नीट मांडले नाही म्हणून कुरकुरतात. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणे सांगताना आपली स्तुती आपण करणारास आणि वाडवडिलांची कीर्ती सांगत फिरणारास एकाच पंक्तीस बसविले आहे. आपल्याकडील जुन्या धर्तीच्या बायोडाट्यात तर वडिलांचे नाव, हुद्दा, जात, धर्म आणि कधीकधी रक्तगटसुद्धा उमेदवाराच्या शिक्षणाआधी येत असे. समर्थांच्या हाती तो कागद पडला असता तर त्यांनी अर्जदारास दोन्ही रकान्यांत दोषी धरले असते.

यावर व्यवहारी मंडळींचे ठरलेले उत्तर असे की, धर्म देवघरात ठेवावा आणि अर्ज बाजारात लिहावा. हे उत्तर मला मान्य नाही. जी नीती अर्जाच्या कागदावर टिकत नाही ती देवघरात तरी कशाच्या बळावर टिकते, हा प्रश्न त्यातून उरतोच. शिवाय असे दोन संसार मांडणारा माणूस अर्ज लिहावयास बसला म्हणजे त्याची लेखणी दोहोंपैकी एका बाजूस हमखास कलते: एक तर तो संकोचाने इतका आक्रसतो की त्याने काय केले हे वाचणारास कळतच नाही, किंवा एकदा लाज सोडलीच आहे तर पुरतीच सोडावी, अशा आवेशाने तो विशेषणांची आतषबाजी करतो. तेव्हा प्रश्न मुळातूनच पाहिला पाहिजे. स्वतःविषयी बोलणे हाच दोष आहे, की कोणासमोर, कशासाठी आणि कोणत्या मापाने बोलावे, यात दोषादोष आहे?

याचे उत्तर तुकोबांच्या गाथेत मिळते, असे मला वाटते. विनयाच्या बाबतीत ज्यांच्याकडे बोट दाखवावे अशा या पुरुषाने आपले चरित्र एका अभंगात स्वमुखाने सांगितले आहे. ते सांगताना आरंभीच त्यांनी स्पष्ट केले की, हे बोलू नये. पण संतांनी प्रश्न केला आहे, तेव्हा त्यांचे वचन पाळतो. मग एकामागून एक बाबी येतात: जात, वडिलोपार्जित व्यवसाय, घरचे दैवत, आईबापांचा मृत्यू, दुष्काळात गेलेले द्रव्य आणि त्याबरोबर गेलेला मान, अन्नावाचून मेलेली पत्नी, बुडालेला व्यापार, मोडकळीस आलेल्या देवळाची डागडुजी, एकादशीचे कीर्तन. त्या कीर्तनाविषयी ते एवढेच सांगतात की, आरंभी अभ्यासात चित्त नव्हते. म्हणून संतांची काही वचने विश्वासाने पाठ केली आणि पुढे गाणारांच्या मागे धृपद धरले. पुढे कवित्वाची स्फूर्ती, त्यावर पडलेला निषेधाचा आघात आणि पाण्यात बुडविलेल्या वह्या. आणि शेवटी, सविस्तर सांगू लागल्यास उशीर होईल, आता पुरे. यात यश आणि अपयश यांना वेगवेगळे दप्तर नाही. धृपद धरण्यासारखे दुय्यम काम त्यांनी कीर्तनकार होण्याइतकेच स्पष्ट लिहिले. विशेषण जवळजवळ एकही नाही. आणि हा मजकूर कोणीतरी विचारला म्हणूनच सांगितला गेला. न विचारता चावडीवर उभे राहून तोच मजकूर सांगितला असता तर तो याच शब्दांत असूनही निराळा झाला असता.

गीतेच्या दहाव्या अध्यायाची रचनाही हीच आहे. आपल्या विभूती सांग, असे अर्जुन विचारतो तेव्हा भगवान त्यास प्रथम बजावतात की, माझ्या विस्ताराला अंत नाही, म्हणून ज्या प्रमुख आहेत तेवढ्याच सांगतो. ज्याच्यापाशी सांगण्यासारखे अनंत आहे तोही निवड करतो. आणि महाविद्यालयीन वक्तृत्वस्पर्धेतील उत्तेजनार्थ पारितोषिकापासून संगणकाच्या पंधरा दिवसांच्या वर्गापर्यंत काहीच गाळवत नसलेला आपला उमेदवार पाच पाने भरतो! त्याहून मौज अशी की, एवढी यादी दिल्यावर, हे सर्व तपशीलवार जाणून तुला करावयाचे काय, असेही भगवंतांनी अध्यायाच्या अखेरीस विचारले आहे. मुलाखत घेणारांनी हा श्लोक समोर ठेवावयास हरकत नाही.

अर्ज हे उत्तर आहे, हे एकदा ध्यानात आले की लेखनाचे पुष्कळसे नियम आपोआप ठरतात. इ. स. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुदोविको स्फोर्झास लिहिलेल्या पत्राचा जो मसुदा उपलब्ध आहे, त्यात त्याने आधी हलके पण मजबूत पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातील पाणी काढून टाकण्याची युक्ती, तोफा, भुयारे आणि झाकलेले रथ यांची कलमवार नोंद केली, शांततेच्या काळातील वास्तुकलेस त्यानंतर स्थान दिले, आणि ज्या चित्रकलेने पुढे त्याचे नाव जगभर झाले तिचा उल्लेख अगदी शेवटी ओझरता केला. यात कोणी लबाडी पाहील. मला त्यात ऐकणाराविषयीचा आदर दिसतो, कारण शेजारच्या राज्यांच्या धास्तीत असलेल्या सत्ताधीशाचा प्रश्न चित्रांचा नव्हता, आणि ज्याला जे विचारावयाचे आहे त्याचे उत्तर आधी देणे ही सभ्यताच आहे. ब्रिटनमधील पदवी अभ्यासक्रमांचे अर्ज ज्या 'यूकास' या संस्थेमार्फत जातात, तिने विद्यार्थ्यांच्या चार हजार अक्षरांच्या मोकळ्या निवेदनाऐवजी २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्न घातले आहेत: हा विषय का शिकावयाचा, आजवरच्या अध्ययनाने त्याची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले व त्याचा येथे काय उपयोग. पुण्यामुंबईहून तिकडे अर्ज करणाऱ्या मुलांना हे नवे वाटेल. पण ग्रंथारंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन या चार गोष्टी सांगितल्याच पाहिजेत असा दंडक घालणाऱ्या आपल्या वेदान्त्यांना त्यात नवल वाटले नसते.

मापाचा प्रश्न मात्र अधिक नाजूक आहे. एका शाळेच्या कचेरीत लेखनिकाची जागा भरावयाची होती, तेव्हा आलेले अर्ज चाळण्याचे काम माझ्याकडे आले. बहुतेकांनी स्वतःस मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ आणि नेतृत्वगुणसंपन्न म्हणवून घेतले होते, आणि हे शब्द इतक्या अर्जांत इतक्या एकाच क्रमाने आले होते की, ते कोणा एका माणसाविषयी आहेत असे वाटेनासे झाले. अलीकडे यंत्राकडून मजकूर लिहवून घेण्याची सोय झाल्यापासून तर हा गुळगुळीतपणा वाढतच आहे. एका अर्जात मात्र एवढेच होते: गावच्या पतसंस्थेत दोन वर्षे रोजकीर्द लिहिली, दिवसअखेर रोकड मोजून शिल्लक जुळल्याखेरीज दप्तर बंद केले नाही, पिग्मी ठेवीदारांची खतावणी वेगळी ठेवली, लेखापरीक्षणाच्या वेळी पावत्या काढून देण्याचे काम माझ्याकडे असे. या चार ओळींत 'प्रामाणिक' हा शब्द नव्हता आणि त्याची गरजही पडली नाही. प्रामाणिकपणा हा इतरांनी द्यावयाचा दाखला आहे. रोकड जुळविणे ही स्वतः केलेली कृती आहे, आणि केलेल्या कृतीचे कथन आत्मस्तुतीत मोडत नाही. अर्जुनाचा दोष 'राजसूय पार पडला' यात नव्हता, 'माझ्या तोडीचा कोणी नाही' यात होता. कारण पहिले वाक्य घडलेल्या गोष्टीचे निवेदन आहे आणि दुसरे इतरांविषयीचा निकाल, जो देण्याचा अधिकार त्यास कोणी दिला नव्हता.

न्यायशास्त्रात शब्द हे प्रमाण मानले आहे ते आप्ताचा शब्द म्हणून, आणि आप्त कोण, तर ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्यास सांगण्याची ज्यास इच्छा आहे तो. भाष्यकार वात्स्यायनाने हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू केले आहे, म्हणजे आप्तत्वाचा जन्माशी संबंध नाही. आपल्या सरकारी रिवाजात मात्र उमेदवाराचा शब्द दीर्घकाळ प्रमाण नव्हता. गुणपत्रिकेच्या प्रतीवर 'सत्यप्रत' असा शिक्का आणि राजपत्रित अधिकाऱ्याची सही मिळविण्यासाठी मुलांनी कचेऱ्यांचे उंबरठे किती झिजविले असतील! ज्या अधिकाऱ्याने त्या मुलास जन्मात पाहिले नाही, त्याची सही खरी आणि ज्याची गुणपत्रिका त्याची खोटी, असा तो न्याय होता. २०१४ च्या सुमारास केंद्र सरकारने स्वसाक्षांकनास उत्तेजन दिले, तेव्हा एका प्रशासकीय सुधारणेबरोबरच अर्जदार हा स्वतःविषयी आप्त असू शकतो, हे तत्त्वही नकळत मान्य झाले. अर्जाच्या तळाशी 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' असे लिहून ठिकाण, तारीख आणि सही करण्याची जी रीत आहे ती आता सर्वस्वी त्याच्याच भरवशावर उभी आहे. मात्र ती ओळ कोणी वाचून लिहितो असे दिसत नाही.

राहिला प्रश्न रिकाम्या रकान्याचा. आजारपणात, घरच्या म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेत, किंवा स्पर्धापरीक्षांच्या निष्फळ तयारीत गेलेली वर्षे लपवावीत की सांगावीत, ही विवंचना उमेदवारांस सर्वांत अधिक छळते, आणि तारखा इकडेतिकडे सरकवून ती भोके बुजविण्याचा मोह येथेच होतो. न बोलणे आणि खोटे बोलणे यांत अंतर आहे. जे विचारले नाही ते न सांगणे हा प्रत्येकाचा अधिकार आहे. पण न सांगितल्यामुळे वाचणाराच्या मनात जाणूनबुजून खोटे चित्र उभे करणे, हा अश्वत्थाम्याच्या मृत्यूच्या हुलीस दुजोरा देणाऱ्या युधिष्ठिराचा मार्ग झाला, आणि त्याच्या रथाची चाके त्यानंतर जमिनीस टेकली हे महाभारतकाराने आवर्जून नोंदविले आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातील योहानेस हाउसहोफर या प्राध्यापकाने २०१६ साली आपल्या अपयशांचे परिचयपत्र प्रसिद्ध केले: न मिळालेले प्रवेश, न मिळालेल्या जागा, परत आलेले निबंध. त्याच्या अखेरीस त्याने आणखी एक अपयश नोंदले की, या कागदाकडे लोकांचे जितके लक्ष गेले तितके माझ्या सगळ्या विद्याव्यासंगाकडे गेले नाही. अपयशसुद्धा मिरविता येते, हे त्यावरून कळते. म्हणून रिकामा रकाना भरतानाही माप सोडू नये, 'या काळात आईच्या शुश्रूषेसाठी घरी होतो' एवढे एक वाक्य पुरते.

छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाचा प्रवेशअर्ज असाच एका ओळीचा होता. हारिद्रुमत गौतमांनी त्यास गोत्र विचारले. तो प्रश्न आजच्या दृष्टीने विचारण्यासारखा नव्हता, आणि आज असा रकाना समोर आला तर तो कोरा ठेवण्यात उमेदवाराने काडीचाही संकोच बाळगू नये, असे माझे मत आहे. पण त्या काळी त्यावाचून प्रवेश नव्हता. सत्यकामाने आईस विचारले होते, आणि आईने त्यास सांगितले होते तेच त्याने गुरूस जसेच्या तसे सांगितले: तारुण्यात अनेकांच्या घरी परिचर्या करीत असता तू मला झालास, तुझे गोत्र मला ठाऊक नाही, माझे नाव जबाला, तुझे सत्यकाम. सोयीचे एखादे गोत्र सांगून टाकणे त्यास अवघड नव्हते. पडताळणी करणारी कचेरी त्या अरण्यात कोठून असणार? गौतम म्हणाले की, समिधा घेऊन ये, तू सत्यापासून ढळला नाहीस.

पण वेदाध्ययनासाठी आलेल्या त्या मुलाच्या स्वाधीन त्यांनी पहिल्याप्रथम केल्या त्या चारशे कृश, दुर्बळ गाई, ज्यांचा अर्जात कोठेही उल्लेख नव्हता. त्यांच्या हजार झाल्याशिवाय परत येणार नाही, असे सांगून तो त्यांच्या मागे अरण्यात गेला आणि बरीच वर्षे तिकडेच राहिला. ब्रह्माचे चार पाद त्यास वाटेत सांगितले ते कोणा आचार्याने नव्हे, तर वृषभाने, अग्नीने, हंसाने आणि मद्गू नावाच्या पाणपक्ष्याने. आणि त्यांपैकी एकानेही त्याचे गोत्र विचारल्याचे उपनिषदात नाही.