प्रतिनिधी-द्रव्याचा प्रश्न : जुन्या मोटारीचे तेल आणि राजगडाचा चुना

विधीत सांगितलेले द्रव्य मिळत नसेल तर विधीच सोडून द्यावा की दुसरे द्रव्य घेऊन तो पुरा करावा, आणि दुसरे घ्यायचे तर ते कोणत्या कसोटीवर निवडावे, हा प्रश्न पूर्वमीमांसेने, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावून कर्तव्य ठरवणाऱ्या दर्शनाने, जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात तपशिलाने हाताळला आहे. मूळ द्रव्याच्या जागी येणाऱ्या द्रव्याला तेथे ‘प्रतिनिधी’ म्हणतात. व्रीही, म्हणजे लावणीचा भात, मिळाला नाही तर नीवार, म्हणजे आपोआप उगवणारा रानभात, घ्यावा, कारण त्यात व्रीहीशी सर्वांत अधिक साम्य आहे. नीवाराहून मोलाचे धान्य घरात असले तरी त्या मोलाने त्याला व्रीहीची जागा मिळत नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे केवलानंद सरस्वती यांनी सिद्ध केलेल्या सात खंडांच्या ‘मीमांसाकोशा’मुळे या शास्त्रातील विखुरलेली चर्चा एकत्र पाहणे शक्य झाले आहे. ती केवळ यज्ञापुरती आहे असे मानण्याचे मात्र कारण नाही, कारण जुनी वस्तू चालती ठेवू पाहणाऱ्या प्रत्येकापुढे हाच प्रश्न उभा राहतो.

त्याचे सर्वांत रोखठोक उदाहरण म्हणजे जुन्या मोटारीचे इंजिन ऑइल. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या कंपनीची ‘प्रीमियर पद्मिनी’, जी मुळात फियाट ११०० या गाडीचा अवतार होती आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात २०२३ पर्यंत रस्त्यावर राहिली, तिचे १०८९ सीसीचे इंजिन विसाव्या शतकाच्या मध्यातील आहे. त्या काळातील गाड्यांच्या माहितीपुस्तिकांत पुष्कळदा ‘एसएई ३०’ किंवा ‘एसएई ४०’ असे एकेरी दर्जाचे तेल सांगितलेले असते. त्यातील आकडा तेलाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा त्याचा अंतर्गत विरोध, दाखवतो. आजच्या दुकानात बहुतेक तेले दुहेरी दर्जाची, म्हणजे मल्टिग्रेड, असतात. ‘२०डब्ल्यू-४०’ हे तेल थंडीत पातळ तेलासारखे वाहते, पण १०० अंश सेल्सिअसला त्याची श्यानता ‘एसएई ४०’ च्याच पट्ट्यात, म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक यांच्या दरम्यान, राहते. चालत्या इंजिनात ज्या तापमानाला तेलाचे खरे काम असते तेथे दोन्ही सारखी असल्यामुळे दुहेरी तेल हे एकेरी तेलाचा यथार्थ प्रतिनिधी ठरते. याउलट नव्या गाड्यांसाठी बनवलेले ‘५डब्ल्यू-३०’ हे अधिक महाग आणि अधिक प्रगत असूनही ‘एसएई ४०’ ची जागा घेऊ शकत नाही, कारण जुन्या इंजिनातील झिजलेल्या आणि मुळातच अधिक सैल ठेवलेल्या फटींत त्याचा थर पुरेसा जाड राहत नाही आणि तेलाचा दाब उतरतो.

साम्य नेमके कशात पाहायचे, हा यापुढचा आणि अधिक कठीण प्रश्न आहे, कारण श्यानता जुळली म्हणजे सर्व जुळले असे होत नाही. जुन्या रचनेच्या अनेक इंजिनांत कॅमशाफ्टचा उंचवटा सपाट तळाच्या टॅपेटवर घासत फिरतो आणि तेथील दाब इतका असतो की नुसता तेलाचा थर तो पेलत नाही. म्हणून तेलात जस्त आणि फॉस्फरस असलेले झीजरोधक संयुग मिसळतात, जे धातूच्या पृष्ठावर संरक्षक पापुद्रा तयार करते. पुढे गाड्यांच्या धुराड्यात धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक आले, फॉस्फरसमुळे ते निकामी होतात असे दिसून आले, आणि म्हणून नव्या दर्जाच्या अनेक पातळ तेलांत फॉस्फरसचे प्रमाण ०.०८ टक्क्यापर्यंत मर्यादित केले गेले. नव्या गाडीच्या दृष्टीने जी सुधारणा आहे, तीच उत्प्रेरक नसलेल्या जुन्या गाडीच्या दृष्टीने उणीव ठरते. तेव्हा द्रव्याचा चांगुलपणा त्याच्या एकट्याच्या अंगी नसतो. तो द्रव्य आणि ते ज्यासाठी योजले आहे ते कार्य यांच्या संबंधात असतो. हे मत सापेक्षतावादी वाटले तरी त्यातून ‘ज्याला जे रुचेल ते योग्य’ असे निघत नाही, कारण तो संबंध वस्तुस्थितीने ठरतो आणि चूक झाल्यास झिजलेला कॅमशाफ्ट ती दाखवून देतो.

येथे मीमांसेतील दुसरा भेद उपयोगी पडतो. काही कृतींचे फळ दृष्ट, म्हणजे डोळ्यांना दिसणारे, असते, तर काहींचे अदृष्ट, म्हणजे केवळ शास्त्रवचनावरून मानायचे, असते. भात कांडण्याने तूस निघते हे दृष्ट फळ आहे. नखांनी सोलूनही ते निघेल, तरी कांडण्याचाच जो नियम सांगितला आहे त्याचे फळ मीमांसक अदृष्ट मानतात. तेलाच्या बाबतीत सर्व फळ दृष्ट आहे, म्हणून पुस्तिकेत छापलेल्या कंपनीच्याच नावाचा आग्रह धरणाऱ्याने दृष्टार्थ वचनाला अदृष्टार्थ केलेले असते. मात्र पुस्तिका जुनी झाली म्हणून ती टाकून देणाराही चुकतो, कारण कोणते कार्य साधायचे आहे ते कळण्याचे साधन तीच असते. मीमांसेने द्रव्याला प्रतिनिधी मान्य केला, पण देवता, मंत्र आणि क्रिया यांना नाही. तसे येथे तेल बदलता येते, तेलाने करायचे काम बदलता येत नाही.

पूर्वीच्या वेल्हे, आताच्या राजगड तालुक्यातील गुंजवणे या राजगडाच्या पायथ्याच्या गावातून वर पाहिले असता हाच प्रश्न दगडात मांडलेला दिसतो. राजगड हा २०२५ च्या जुलैत जागतिक वारसा यादीत नोंदल्या गेलेल्या मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांपैकी एक आहे, आणि अशा जुन्या बांधकामाची डागडुजी सिमेंटने करावी की चुन्याने, हा संवर्धनशास्त्रातील मूलभूत वाद आहे. बळाच्या मोजमापात सिमेंट चुन्याहून सरस आहे. परंतु सांध्यातील चुन्याचे काम दगडाहून मऊ राहणे, बांधकामाची सूक्ष्म हालचाल स्वतःवर घेणे आणि आतला ओलावा बाहेर जाऊ देणे हे आहे. सिमेंट कठीण आणि कमी सच्छिद्र असल्यामुळे ओलावा आत कोंडतो आणि झीज सांध्याऐवजी दगडाला सोसावी लागते. सांधा पुन्हा भरता येतो, घडीव दगड गेला की गेला.

प्रतिनिधीही मिळेनासा झाला तर काय करावे, याचे मीमांसेने दिलेले उत्तर या सर्व विवेचनात सर्वांत मोलाचे आहे. सोमवल्लीच्या जागी पूतीका ही वनस्पती सांगितली आहे. पण पूतीकाही हरवली तर पुढचे द्रव्य पूतीकेसारखे नव्हे, सोमासारखे शोधावे, असा निर्णय आहे. याचे कारण सरळ आहे : प्रत्येक वेळी मागच्या पर्यायाशी थोडेसे जुळणारे द्रव्य घेत गेल्यास प्रत्येक पाऊल समर्थनीय ठरते आणि चार पावलांनी मूळ कार्यच दृष्टीआड होते. मागच्या खेपेच्या डब्यावरून पुढच्या खेपेचे तेल ठरवणारा मेकॅनिक आणि मागच्या डागडुजीतील सिमेंटशी जुळते म्हणून पुन्हा सिमेंटच वापरणारा ठेकेदार यांची चूक एकाच जातीची आहे. परंपरा टिकवणे म्हणजे कालच्या पर्यायाची नक्कल करणे नव्हे, तर प्रत्येक नव्या निवडीच्या वेळी मूळ प्रयोजनापर्यंत मागे जाण्याची तसदी घेणे होय, आणि ही तसदी जो घेत नाही त्याच्या हातून जुनी वस्तू श्रद्धेने जपली जात असतानाही बिघडत जाते.