चुलीत घालायचे गवत

अफजलपूर तालुक्यात भीमेच्या काठी आम्ही एकदा रविवारच्या शाळेची मुले घेऊन गेलो होतो. पावसाळा सरत आला होता आणि वाळूवर काश गवताचे पांढरे तुरे डुलत होते. काही जण त्याला कसाडही म्हणतात. एका मुलाने ते उपटायला हात घातला, तो पात्याने त्याचे बोट कापले. रडवेल्या स्वरात त्याने विचारले, "गुरुजी, हे गवत देवाने कशाला केलं?" आम्ही घाईने म्हणालो, "चुलीत घालायला, बाळा." मुले हसली. आमचे उत्तर मात्र आमच्याच मनात सलत राहिले.

वास्तविक या गवताचे काम डोळ्यांना दिसत नाही. त्याची खोडे वाळूखाली आडवी पसरतात, त्यांना मुळ्या फुटतात आणि सुटी वाळू बांधली जाते. पुराने वर नवा थर टाकला तरी त्यातून कोंब पुन्हा वर येतात. कोकणच्या किनाऱ्यावर 'रावणाच्या मिशा' नावाचे टोकदार गवत उडत्या वाळूला असेच धरून ठेवते. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमा या भागातील गावांत व शेतांत शिरली. तसा महापूर गवताने थांबत नाही, हे खरे. परंतु मुळांनी बांधलेला काठ आणि वाळूच्या उपशाने उघडा पडलेला काठ यांत फरक असतोच.

दुसरी गोष्ट याहून नवलाची आहे. १९१२ साली कोइमतूर येथे शास्त्रज्ञांनी या रानटी काशाचा गोड उसाशी संकर केला. त्यातून 'को २०५' ही जात निघाली व १९१८ साली ती लागवडीस दिली गेली. काशाचा काटकपणा उसात आला. आज जगात लावल्या जाणाऱ्या बहुतेक उसात काशाचा अंश आहे. ज्या उसाकडे पाहून शेतकऱ्याची छाती फुगते, त्याच्या नात्यातले हे गवत आहे!

तर मग त्या मुलाला आम्ही सांगावयास हवे होते काय, की "हे गवत फार उपयोगी आहे"? आमच्या मते हेही उत्तर अपुरे आहे. एके काळी हा उपयोग कोणालाच ठाऊक नव्हता. तेव्हा ते गवत निरुपयोगी होते काय? आपण ज्याला उपयोग म्हणतो, ते पुष्कळदा आपल्या ज्ञानाचे माप असते; त्या वस्तूच्या मोलाचे नव्हे.

शेतात शिरलेला काश शेतकरी खणून काढतो, त्यात दोष नाही. पीक राखणे हे त्याचे कर्तव्यच आहे. परंतु "हे इथे नको" म्हणणे वेगळे आणि "हे कशालाच नको" म्हणणे वेगळे. पहिले काम आहे, दुसरा न्यायनिवाडा आहे; आणि तो अधिकार आपल्याला कोणी दिला?

मत्तय ६:३० मध्ये प्रभूने गवताविषयी जे सांगितले ते नीट पाहावे. गवत उपयोगी आहे, म्हणून देव त्याला सजवतो, असे तो म्हणत नाही. उद्या ते भट्टीत जाणार, हे मान्य करूनच तो देवाची काळजी दाखवतो. आमचे चुलीचे उत्तर खोटे नव्हते. ते अर्ध्यावर थांबले होते.

आपल्या मंडळीतही अशी माणसे असतात. परीक्षेत मागे पडलेला मुलगा, वर्गणी देऊ न शकणारी म्हातारी, ऊस तोडायला गेल्यामुळे महिनोन्‌महिने उपासनेत न दिसणारे कुटुंब. त्यांचा मंडळीला उपयोग काय, हा प्रश्न सभेत कोणी उघड विचारत नाही. पण आपल्या वागण्यातून तो विचारला जातो. शिक्षकबंधुभगिनींनो, वर्गातले मूलही तो ऐकते.

त्या मुलाला आता आम्ही सांगू, "बाळा, कशाला केलं ते सगळं आम्हाला ठाऊक नाही. पण ज्यानं केलं, त्याला ते ठाऊक आहे आणि त्याला ते आवडतं. ये, आधी तुझ्या बोटाला पट्टी बांधू."