पदरात पडलेला गोल

आमच्या खर्ड्याच्या शाळेत फुटबॉल हा खेळ तसा पाहुणाच. कबड्डी आणि खोखो हे घरचे. त्यांना मोकळी जमीन तेवढी लागते, आणि जामखेड तालुक्यात पाण्याची टंचाई असली तरी मोकळ्या जमिनीची नाही. मी मराठी शिकवतो आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. पण खेडेगावच्या शाळेत खेळाचे शिक्षक नसले की ज्याचा आवाज मोठा तोच खेळाचा शिक्षक होतो. त्या न्यायाने शिट्टी माझ्या गळ्यात पडली.

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी लागायला तीनचार दिवस उरले होते. शेजारच्या गावच्या शाळेचा संघ आमच्याकडे खेळायला आला. आमच्या गोलात नववीतला एक मुलगा उभा होता. त्याला मीच उभा केला होता, आणि त्यामागे काही खोल विचार नव्हता. ज्याला पळता येत नाही त्याने गोलात उभे राहावे, हा अलिखित नियम मी पाळला होता, इतकेच. शेवटच्या पाच मिनिटांत पलीकडचा एक चपळ पोरगा आमच्या चौघांना हुलकावणी देत आत शिरला. आमचा गोलकीपर रेषेवर खिळल्यासारखा उभा राहिला आणि चेंडू त्याच्या उजव्या हाताखालून निघून गेला. आम्ही एका गोलाने हरलो.

मी सगळ्यांदेखत त्याला म्हणालो, "अरे, तिथं काय बुजगावणं म्हणून उभा होतास? तुझ्यामुळं शाळेचं नाव गेलं!" मुले हसली. मी हसलो नाही, पण मुलांना हसू दिले. त्याने चेंडू आणून माझ्या पायाशी ठेवला, दप्तर उचलले आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही.

संध्याकाळी चेंडू कपाटात ठेवताना माझ्या मनात आले, ते चौघे चुकले त्यांना आपण काहीच कसे बोललो नाही? चुलीवरचे दूध उतू गेले की बोल लागतो तो स्वयंपाकघरातून शेवटी बाहेर पडलेल्या बाईला. जाळ कोणी वाढवला, झाकण कोणी काढले, हे कोणी विचारीत नाही. फुटबॉलातही दहा जणांच्या चुका वाटेत विरून जातात आणि अकराव्याची तेवढी जाळ्यात अडकून सर्वांना दिसते. मैदानावर एवढा एकटा मनुष्य दुसरा नाही.

मग मला प्रश्न पडला की ज्याने हा एकटेपणा उमेदीची सारी वर्षे भोगला, तो पुढे दुसऱ्यांना खेळवायला उभा राहिला, तर दोष कोणाच्या पदरात घालील?

आपल्या शेजारच्या गोव्यातच ब्रह्मानंद शंखवाळकर झाले. साळगावकर संघाचे आणि भारताचे गोलरक्षक, देशाच्या संघाचे कर्णधार. 1982-83 च्या संतोष ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात गोवा आणि बंगाल यांच्यात एकही गोल झाला नाही. सामना पुन्हा खेळवला, तरीही झाला नाही, आणि करंडक दोघांत वाटून द्यावा लागला. पुढच्याच वर्षी गोव्याने तो एकट्याने जिंकला. 1997 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि 2022 साली पद्मश्री. खेळणे संपल्यावर त्यांनी काय केले, तर तरुण गोलरक्षक घडवायला घेतले. मला ही गोष्ट विशेष वाटते. गोलरक्षकालाही शिकवावे लागते, तो नुसता उभा करायचा नसतो, हे ज्याला ठाऊक होते तो ते शिकवायला बसला. मला ते ठाऊक नव्हते, आणि तरी शिट्टी माझ्या गळ्यात होती!

पण नुसत्या गोलरक्षकांना नव्हे, साऱ्या संघालाच सांभाळण्याची पाळी ज्याच्यावर आली, अशा माणसाची गोष्ट इटलीतली आहे. त्याचे नाव दिनो झॉफ. लहानपणी उंची कमी म्हणून मोठ्या क्लबांनी त्याला परत पाठवले. आजीने अंडी खाऊ घालून त्याला वाढवले, असे सांगतात. हा फार उड्या मारणारा गोलरक्षक नव्हता. चेंडू कुठे येणार ते आधी ओळखून तिथे जाऊन उभा राहणे, ही त्याची विद्या. 1972 ते 1974 या काळात आंतरराष्ट्रीय सामन्यांत 1142 मिनिटे त्याच्यावर एकही गोल झाला नाही. पण 1978 च्या विश्वचषकात लांबून मारलेले चेंडू त्याला चुकवून आत गेले आणि वय झाले, नजर गेली, अशी टीका झाली. तो छत्तीस वर्षांचा होता. त्याने वाद घातला नाही, तो खेळत राहिला. 1982 साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तो इटलीचा कर्णधार होता. ब्राझीलविरुद्ध शेवटच्या क्षणी त्याने गोलरेषेवर चेंडू दाबून धरला म्हणून इटली स्पर्धेत टिकली, आणि 11 जुलैला माद्रिदमध्ये त्याने विश्वचषक उचलला.

पुढे तो प्रशिक्षक झाला. युव्हेंतुस क्लबात त्याचा सहायक होता गायेतानो शिरेआ, त्याच्याबरोबर विश्वचषक जिंकलेला जुना सोबती. सप्टेंबर 1989 मध्ये प्रतिस्पर्धी संघाचा खेळ पाहायला पोलंडला गेलेला शिरेआ तिथेच मोटार अपघातात मरण पावला. त्या हंगामात झॉफच्या संघाने दोन करंडक जिंकले, आणि तरी हंगाम संपताच क्लबाने त्याला निरोप दिला. गोलरक्षकाला हरल्याचा दोष मिळतो. प्रशिक्षकाला जिंकूनही नारळ मिळू शकतो, हे त्याला तेव्हा कळले असेल.

2000 साली तो इटलीच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होता. युरोपच्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना 2 जुलैला रॉटरडॅम येथे फ्रान्सशी झाला. इटली एका गोलाने पुढे होती आणि नव्वद मिनिटे उलटून गेली होती. जादा दिलेल्या वेळेतले जेमतेम काही क्षण उरले असताना विल्तोरने बरोबरी केली, आणि पुढे त्रेझेगेच्या गोलाने फ्रान्स जिंकला. त्या सामन्यात इटलीच्या देल पिएरोने दोन सोप्या संधी दवडल्या होत्या. त्यातली एक साधली असती तर पुढचे काहीच घडले नसते. पण झॉफने त्याला लोकांपुढे उभे केले नाही. दुसऱ्या दिवशी माजी पंतप्रधान आणि तेव्हाचे विरोधी पक्षनेते सिल्व्हिओ बर्लुस्कोनी यांनी, फ्रान्सच्या झिदानला मोकळा सोडला म्हणून, प्रशिक्षकावर जाहीरपणे कडक शब्दांत तोंडसुख घेतले. 4 जुलैला झॉफने राजीनामा दिला.

मी प्रथम हे वाचले तेव्हा मला तो मानी आणि थोडा हट्टी वाटला. वीस वर्षे गोल पदरात घेणाऱ्या माणसाला एका पुढाऱ्याचे बोलणे सोसू नये? पण माझ्या मैदानावरची ती संध्याकाळ मनात होतीच, म्हणून मी पुन्हा विचार केला. 1978 साली त्याला म्हणाले, "तू चुकलास." हा दोष होता. तो त्याने मुकाट्याने घेतला आणि चार वर्षांनी त्याची फेड केली. 2000 साली त्याची किंमतच चारचौघांत काढली गेली. हा अपमान होता. दोष आणि अपमान एकाच आवाजात येतात म्हणून आपली गफलत होते. दोष कृतीला चिकटतो, आणि कृती उद्या सुधारता येते. अपमान माणसालाच चिकटतो, आणि माणसाने उद्या दुसरा माणूस कसे व्हावे?

ब्राझीलच्या मोआसीर बार्बोसाला हेच सोसावे लागले. 1950 साली माराकान्याच्या मैदानावर उरुग्वेच्या जिजियाचा गोल त्याला अडवता आला नाही. देशाने तो गोल अर्ध्या शतकानंतरही विसरला नाही. ज्या 2000 साली झॉफने राजीनामा फेकला, त्याच वर्षी बार्बोसा वारला. त्याला राजीनामा देण्याचीही सोय नव्हती. माणसाने स्वतःचा राजीनामा कोणाकडे द्यायचा?

आमच्या गावाला हा प्रश्न नवा नाही. मार्च 1795 मध्ये खर्ड्याच्या रणात मराठ्यांनी निजामाला हरवले. रात्रीच्या गोंधळात धीर सुटून खुद्द निजाम निंबाळकरांच्या किल्ल्यात शिरला आणि कोंडला गेला. तहात मुलूख गेला, पैसा ठरला, आणि दिवाण मशीरुल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन झाला. दिवाणाचा दोष नव्हता असे नाही. युद्धाची खुमखुमी त्यालाही होतीच. पण धनी सुटला आणि दिवाण गेला. मोठ्या माणसाने आपल्या वाटणीचे दुसऱ्याच्या पदरात टाकण्याची रीत किती जुनी आहे, हे मी दरवर्षी मुलांना याच किल्ल्याकडे बोट दाखवून शिकवतो. त्या दिवशी मीही तेच केले होते. गोल त्या मुलाने खाल्ला होता हे खरे, पण त्याला गोलात उभा करून काहीच न शिकवणारा मी होतो.

कोणी म्हणेल, थोरांनीच सगळा दोष घेतला तर पोरे जबाबदारी केव्हा शिकणार? आक्षेप खरा आहे. मुलाची चूक झाकणारा शिक्षक त्याला फसवतो, आणि "सारे माझेच चुकले" असे उठल्यासुटल्या म्हणणारा स्वतःची आरती ओवाळून घेतो. म्हणून मला वाटते, चूक ज्याची त्याला सांगावी, पण एकांतात सांगावी, आणि पुढे काय करायचे तेही सांगावे. जगापुढे मात्र ज्याने खेळवले त्याने उभे राहावे. आईबाप, शिक्षक, साहेब, पुढारी, सगळ्यांना हे लागू आहे. आम्हा कादंबरीकारांनाही आहे. पात्र फसले तर ते पात्राचे पाप नव्हे.

मी त्याच्या घरी गेलो. अंगणात तो आणि त्याची धाकटी बहीण दिवाळीचा किल्ला करीत होती. तो मातीचा बुरूज थापत होता आणि ती मावळे मांडत होती. आई म्हणाली, "या सर, बसा. चहा टाकते." मी बसलो. कसे सुरू करावे ते सुचेना. शेवटी म्हणालो, "अरे, माझं चुकलं. तसं बोलायला नको होतं."

तो बराच वेळ माती थापत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "सर, पण मी पुढं यायला पाहिजे होतं ना? रेषेवर थांबलो म्हणून त्याला सगळा गोल मोकळा दिसला."

मी चकित झालो. ही चूक मला दिसलीसुद्धा नव्हती. त्याला ती त्याच क्षणी कळली होती, पण मी बुजगावणे म्हटल्यावर ती सांगायला तो मागे उभाच राहिला नव्हता.

"बरोबर आहे तुझं," मी म्हणालो, "पण किती पुढं यायचं ते मलाही ठाऊक नाही. दोघं शिकू."

चहा घेऊन मी घरी आलो, तरी मन हलके झाले नाही. अपमान चारचौघांत केला होता आणि माफी अंगणात मागितली होती. हा हिशेब जुळत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रार्थना झाल्यावर, मी सगळ्या शाळेसमोर तेच वाक्य पुन्हा बोललो. या वेळी मुले हसली नाहीत. तो रांगेत खाली मान घालून उभा होता. त्याला ते आवडले की संकोच वाटला, मला सांगता येणार नाही. मधल्या सुट्टीत मात्र तो चेंडू मागायला आला.